पाटीपासून मतपेटीपर्यंत : रमाबाई रानडे



दसरा-दिवाळी सरली की आपल्या बीड जिल्ह्यातली गावे ओस पडू लागतात. ट्रक आणि ट्रॅक्टर भरभरून माणसे कारखान्यांच्या वाटेला लागतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी सोलापूरकडे, कोणी थेट कर्नाटकात. संसार पोत्यात बांधलेला असतो, तान्हे मूल कडेवर असते आणि मुकादमाकडून घेतलेली उचल केव्हाच खर्च झालेली असते. घरी राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळेची काही मुले. आपल्या धर्मग्रामाच्या आसपास हे दृश्य नवे नाही. म्हणूनच या रविवारी आम्ही अशा एका स्त्रीचे चरित्र सांगणार आहोत, जिने शंभर वर्षांपूर्वी दूर देशी उसाच्या मळ्यात राबणाऱ्या भारतीय मजुरांसाठी आवाज उठवला आणि त्याच काळात स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणून लढा दिला. त्यांचे नाव रमाबाई रानडे.

रमाबाईंचे नाव आपण बहुधा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी म्हणून ऐकलेले असते. टीव्हीवरील मालिकेमुळे त्यांच्या संसाराची गोष्टही अनेकांना ठाऊक आहे. परंतु पतीच्या निधनानंतर त्या तेवीस वर्षे जगल्या आणि त्या तेवीस वर्षांत त्यांनी काय केले, हे फारसे सांगितले जात नाही. आजच्या लेखात आम्ही त्याच भागावर अधिक भर देणार आहोत.

देवराष्ट्रे गावची यमुना

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. त्याच महिन्याच्या १ तारखेपासून भारतीय दंडसंहिता देशात लागू झाली होती आणि माणसाला गुलाम म्हणून विकणे किंवा विकत घेणे हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरला होता. त्याआधी १८४३ च्या कायद्याने कंपनी सरकारने गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेतली होती. म्हणजे ही मुलगी जन्माला आली ती कागदावर तरी गुलामगिरी संपलेल्या देशात. कागदावर संपलेली गोष्ट जगण्यातून संपायला किती काळ लागतो, हे तिला पुढे आयुष्यभर पाहायचे होते.

घरात मुलींना अक्षरओळख करून देण्याची पद्धत नव्हती. शिकलेली बाई विधवा होते, अशी त्या काळी पुष्कळ घरांतून भीती होती. यमुना अकरा वर्षांची झाली तरी तिला आपले नाव लिहिता येत नव्हते.

१८७३ साली तिचा विवाह झाला. वर एकतीस वर्षांचे, सरकारी न्यायखात्यातले मोठे अधिकारी, विधवाविवाहाच्या चळवळीतले पुढारी. रानड्यांच्या पहिल्या पत्नीचे नुकतेच निधन झाले होते. आता ते एखाद्या विधवेशी विवाह करून उदाहरण घालून देतील, अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या हट्टापुढे ते झुकले आणि त्यांनी अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न केले. यावरून त्यांच्यावर खूप टीका झाली आणि ती अकारण नव्हती. मोठी माणसेही घरच्या दडपणापुढे कशी नमतात, याची ही साक्ष आहे.

रानड्यांनी मात्र एक गोष्ट केली. लग्नानंतर लगेच त्यांनी पत्नीच्या हाती पाटी दिली. दिवसा कचेरी आणि सभा, रात्री बायकोची शाळा. आधी बाराखडी, मग वाचन, मग गणित, भूगोल आणि पुढे इंग्रजी.

घरातली लढाई

बाहेरच्या जगाशी लढणे एक वेळ सोपे असते. घरात, चुलीपाशी, रोजच्या रोज बोलणी खाऊन शिकणे फार अवघड. रानड्यांच्या घरात सासूबाई होत्या, विधवा नणंद होती, नात्यातल्या इतर वयस्क बायका होत्या. रात्री वाचलेल्या कवितेची चाल दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात थट्टेचा विषय व्हायची. हिने मोठ्याने वाचले तर निर्लज्ज आणि हळू वाचले तर लबाड. त्या बायका काही दुष्ट नव्हत्या. ज्या गोष्टीपासून त्यांना जन्मभर दूर ठेवले गेले होते, तीच गोष्ट घरातल्या धाकट्या सुनेला मिळते आहे, हे त्यांना सहन होत नव्हते. रमाबाईंनी पुढे आपल्या आठवणी लिहिल्या, तेव्हा या बायकांविषयी त्यांनी मनात कडवटपणा ठेवला नाही, ही लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे.

इंग्रजी शिकवायला मिस हरफर्ड नावाच्या एक ख्रिस्ती बाई घरी येत असत. त्यांच्या शिवाशिवीवरून घरात कुरकुर होई. बाई शिकवून गेल्या की सुनेने सोवळ्याचे नियम पाळलेच पाहिजेत, असा आग्रह असे. आपल्या समाजातील जुन्या पिढीला शिवाशिवीचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. रमाबाई रानडे त्या सभांना नियमाने जाऊ लागल्या. एका रमाबाईने दुसऱ्या रमाबाईला बोलायला शिकवले, असे म्हटले तर चूक होणार नाही. पंडिता रमाबाईंनी पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा पुण्यातील पुष्कळ लोकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. तरीही स्त्रियांचे शिक्षण हा दोघींना जोडणारा धागा राहिला.

त्या दिवसांतील एक प्रसंग महत्त्वाचा आहे. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल असावे म्हणून हिराबागेत सभा भरली. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन हजर होते. त्यांच्यासमोर स्त्रियांच्या वतीने इंग्रजीत निवेदन वाचायचे काम रमाबाईंवर आले. वय वीस-बावीस, समोर शेकडो पुरुष. त्यांनी ते वाचले. घरी परतल्यावर वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना इतके टोचून बोलले की त्या रडकुंडीस आल्या. पुढे १८८४ साली हुजूरपागेची मुलींची शाळा सुरू झाली आणि मिस हरफर्ड तिच्या पहिल्या मुख्याध्यापिका झाल्या. त्या शाळेतून आजही हजारो मुली शिकून बाहेर पडतात.

१८९० साली पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये व्याख्यानासाठी काही प्रतिष्ठित मंडळींना बोलावले होते. तेथे त्यांच्यापुढे चहा ठेवला गेला. ख्रिस्ती मिशनमधला चहा घेतल्याबद्दल गावात मोठे वादळ उठले. रानडे, टिळक, गोखले अशी थोर नावे त्यात होती. अखेर १८९२ साली रानड्यांनी समाजातला ताण मिटावा म्हणून प्रायश्चित्त घेतले. रमाबाईंना ते पटले नव्हते. पतीवर त्यांची अपार श्रद्धा होती, पण त्यांचे स्वतःचे मतही तयार होत होते.

तेवीस वर्षे

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानड्यांचे मुंबईत निधन झाले. रमाबाई एकोणचाळिसाव्या वर्षी विधवा झाल्या. मूलबाळ नव्हते. त्या पुण्याला आल्या आणि जवळजवळ वर्षभर घराबाहेर पडल्या नाहीत. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचे सार्वजनिक आयुष्य इथेच संपायला हवे होते.

तसे झाले नाही. १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषद भरली आणि तिचे अध्यक्षपद रमाबाईंकडे आले. १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडूमल यांनी मुंबईत सेवासदन सुरू केले, त्याच्या अध्यक्षाही रमाबाईच झाल्या. २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्यात सेवासदन उभे राहिले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या मदतीला होते.

सेवासदनात कोण येत असे? विधवा, टाकलेल्या बायका, शिकायची हौस असूनही संधी न मिळालेल्या गृहिणी. तेथे त्यांना लिहिणे-वाचणे, शिवण, शिक्षिकेचे शिक्षण मिळे. सर्वांत धाडसाचे पाऊल म्हणजे ससून रुग्णालयात नर्सचे शिक्षण घेण्यासाठी विधवांना पाठवणे. परक्या माणसाच्या जखमा धुणे, कोणत्याही जातीच्या रोग्याची मलमूत्रे काढणे, हे काम त्या काळी वरच्या जातीच्या घरांना कमीपणाचे वाटे. रमाबाईंनी ते सेवेचे काम म्हणून उभे केले. आपल्या सिस्टर्सना आणि नर्स असलेल्या भगिनींना रोज पाहणाऱ्या आपल्याला हे विशेष वाटणार नाही. पण ज्या घरांतून विधवेला दाराबाहेर पाऊल टाकायची मुभा नव्हती, त्या घरांतल्या मुली रुग्णालयाच्या वॉर्डात उभ्या राहिल्या, ही साधी गोष्ट नव्हती.

रमाबाई येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांना भेटायला जात. आळंदीच्या यात्रेत बायकांच्या मदतीसाठी सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन जात. १९१० साली त्यांचे आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि मराठीतील स्त्रीच्या आत्मकथनांत ते आजही मानाने वाचले जाते.

गुलामगिरी आणि मताचा हक्क : एकच वाट

येथे जगाकडे थोडे वळून पाहू. गुलामगिरी बंद करण्याची चळवळ आणि स्त्रियांच्या मताची चळवळ या दोन्ही सख्ख्या बहिणींसारख्या वाढल्या. १८४० साली लंडनमध्ये गुलामगिरीविरोधी जागतिक परिषद भरली. अमेरिकेतून काही स्त्रिया प्रतिनिधी म्हणून आल्या होत्या. त्या स्त्रिया आहेत म्हणून त्यांना परिषदेत बसू दिले नाही, पडद्यामागच्या जागेतून ऐकण्याची तेवढी परवानगी दिली. लुक्रेशिया मॉट आणि एलिझाबेथ कॅडी स्टँटन यांची ओळख तेथेच झाली आणि आठ वर्षांनी, १८४८ साली, त्यांनी अमेरिकेत स्त्रियांच्या हक्कांची पहिली परिषद भरवली. दुसऱ्याच्या बेड्या तोडायला निघालेल्या बायकांना आपल्याही हातात काहीतरी आहे हे दिसले. अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली बंद झाली. स्त्रियांना देशभर मताचा हक्क मिळायला मात्र १९२० साल उजाडले.

आपल्या पवित्र सभेतही गुलामांच्या व्यापाराचा निषेध झाला. पोप ग्रेगरी सोळावे यांनी १८३९ साली तो स्पष्ट शब्दांत केला. सुदानमध्ये बालपणी पळवून विकली गेलेली जोसेफिन बखिता पुढे धर्मभगिनी झाली आणि २००० साली तिला संतपद मिळाले. ८ फेब्रुवारीला आपण तिचा सण पाळतो.

आता आपल्या देशाकडे येऊ. इंग्रजांच्या वसाहतींत १८३४ साली गुलामगिरी बंद झाली. मळेवाल्यांपुढे प्रश्न उभा राहिला की ऊस कोण तोडणार? उत्तर सापडले भारतात. कराराने मजूर न्यायचे. करार या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे मजुरांच्या तोंडी झाले गिरमिट आणि जाणारा झाला गिरमिटिया. मॉरिशस, त्रिनिदाद, गयाना, नाताळ आणि शेवटी फिजी. मॉरिशसला आपल्या कोकणातूनही माणसे गेली आणि त्यांचे वंशज तेथे आजही मराठी सण साजरे करतात.

फिजीला १८७९ ते १९१६ या काळात सुमारे साठ हजार भारतीय नेले गेले. पाच वर्षांचा करार. दिवसाचे काम ठरवून दिलेले आणि ते पुरे झाले नाही तर मजुरी कापली जायची. कामावर न येणे हा फौजदारी गुन्हा होता, त्यासाठी दंड आणि तुरुंगही होता. परतीचा फुकट प्रवास हवा असेल तर दहा वर्षे थांबायचे. दर शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया पाठवायच्या, असा नियम होता. त्या स्त्रियांचे हाल सर्वांत वाईट होते. मुकादम आणि गोरा ओव्हरसियर या दोघांच्याही हाती त्यांचे काम, त्यांची मजुरी आणि त्यांची अब्रू. १९१३ साली कुंती नावाच्या एका मजूर स्त्रीची हकीकत भारतातील वृत्तपत्रांत छापून आली. ओव्हरसियरच्या तावडीतून सुटण्यासाठी तिने नदीत उडी घेतली होती. त्या बातमीने देश हलला.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ साली कायदेमंडळात ही पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. गोखले हे रानड्यांचे शिष्य आणि रमाबाईंना घरच्यासारखे. १९१५ साली ते वारले, पण प्रश्न थांबला नाही. ही गोष्ट पुरुषांच्या कायदेमंडळापुरती नव्हती. देशभरच्या स्त्रिया प्रथमच एका राजकीय प्रश्नावर मोठ्या संख्येने बोलू लागल्या, कारण अब्रू गेली होती ती त्यांच्याच बहिणींची. फिजी आणि केनियातील भारतीय मजुरांची बाजू जाहीरपणे मांडणाऱ्यांत रमाबाई रानडे होत्या. १९१७ साली सरकारने नवी भरती थांबवली आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेले सर्व करार रद्द झाले.

यात एक गोष्ट आम्हांला विशेष वाटते. १८९३ साली पुण्याच्या औद्योगिक परिषदेत न्यायमूर्ती रानड्यांनी परदेशी जाणाऱ्या भारतीय मजुरांवर निबंध वाचला होता. दुष्काळाने पिचलेल्या गरिबाला परदेशात काम मिळते, चार पैसे गाठीला लागतात, अशी त्यांची त्यात आशा होती. आकडे पाहून ती आशा खोटी वाटत नव्हती. पुढच्या वीस वर्षांत मळ्यांवरून खरी हकीकत आली. तेव्हा रमाबाईंनी पतीने काय लिहिले होते याला धरून न बसता त्या मजुरांच्या बाजूने उभ्या राहिल्या. पतीने दिलेली पाटी त्यांनी जपली, पण तिच्यावर पुढची अक्षरे स्वतःची लिहिली. बीडच्या माणसाला हा प्रश्न आतून कळेल. पोट भरायला बाहेर जावेच लागते, हे खरे. पण जाणाऱ्याला माणूस म्हणून वागवले जाते की नाही, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

दार ठोठावणारी विधवा

मताचा प्रश्न त्याच वर्षांत पुढे आला. १९१७ च्या डिसेंबरात भारतमंत्री माँटेग्यू भारतात आले असता मद्रासला सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ त्यांना भेटले. स्त्रियांना पुरुषांच्याच अटींवर मत द्या, ही त्यांची मागणी होती. मताधिकाराचा विचार करण्यासाठी नेमलेल्या साउथबरो समितीने ती नाकारली. भारतातील स्त्रिया पडद्यात असतात, त्यांना मत देऊन उपयोग नाही, असे कारण पुढे आले. मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन लंडनपर्यंत जाऊन भांडल्या. अखेर १९१९ च्या कायद्यात पार्लमेंटने निर्णय प्रत्येक प्रांताच्या कायदेमंडळावर सोपवला. म्हणजे आता मुंबई इलाख्यातच लढायचे होते आणि येथील मोहिमेत रमाबाई पुढे होत्या.

पुण्यात त्याच सुमारास दुसरी लढाई चालू होती. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची परवानगी १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना मिळाली होती. पैसा अपुरा आहे, तेव्हा सक्ती आधी मुलांपुरती ठेवावी, मुलींचे नंतर पाहू, असे पुण्यातील एका मोठ्या गटाचे म्हणणे होते. १९२० साली पुण्याच्या रस्त्यांवरून बायकांचा मोर्चा निघाला आणि त्याच्या पुढे होत्या अठ्ठावन्न वर्षांच्या रमाबाई. जी सून एके काळी हिराबागेतून घरी आल्यावर रडली होती, ती आता शेकडो बायका घेऊन भर रस्त्याने चालत होती. मुलींचे नंतर पाहू या वाक्यातला नंतर कधी येत नाही, हे तिला पाठ होते.

प्रभू येशूने सांगितलेला तो दाखला आपल्याला ठाऊक आहे. एक विधवा न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाते आणि शेवटी त्याला तिचा न्याय करावाच लागतो. रमाबाई न्यायाधीशाच्याच विधवा. त्यांनीही सभा, निवेदने, भेटी यांचा असाच पिच्छा पुरवला. १९२१ च्या एप्रिलमध्ये मद्रासने आणि जुलैमध्ये मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने स्त्रियांना मताचा अधिकार दिला.

१९२४ साली रमाबाईंचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६२ साली, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. पुण्याचे सेवासदन आजही चालू आहे.

जे उरले

१९२१ चा विजय किती मोठा होता, हे प्रामाणिकपणे पाहायला हवे. मत मिळाले ते मालमत्ता असलेल्या, कर भरणाऱ्या स्त्रीला. शेतात राबणाऱ्या, नावावर काहीच नसलेल्या बाईला त्यातून काही मिळाले नाही. पुरुषांनाही तीच अट होती, पण मालमत्ता बहुतेक पुरुषांच्या नावे असल्यामुळे स्त्री-मतदार अगदी थोड्या निघाल्या. रमाबाई आणि त्यांच्या सोबतिणी सुखवस्तू, शिकलेल्या घरांतल्या होत्या. त्यांनी दार किलकिले केले. ते पूर्ण उघडले भारताच्या संविधानाने, जेव्हा प्रत्येक सज्ञान स्त्री-पुरुषाला एक मत मिळाले.

आपले बीड त्या काळी निजामाच्या राज्यात होते. मुंबई इलाख्यातील त्या कायद्याचा आपल्या आज्या-पणज्यांना काही उपयोग नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मराठवाड्यातील बायका प्रथम मतपेटीपर्यंत पोहोचल्या. पण त्या वेळी एक विचित्र अडचण आली. मतदार याद्या करताना देशभरात सुमारे २८ लाख स्त्रियांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच त्या सांगत. निवडणूक आयोगाने ठरवले की नाव नसेल तर नोंद नाही. त्या २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली.

अकराव्या वर्षी ज्या मुलीला आपले नाव लिहिता येत नव्हते, तिने पाटीपासून सुरुवात का केली, हे या आकड्यावरून कळते. मत मागायचे तर आधी नाव हवे. नाव हवे तर अक्षर हवे. आणि अक्षर हवे तर घरातल्या कोणीतरी थट्टा करणे थांबवायला हवे.

त्यानंतर आपला जिल्हा पुष्कळ पुढे आला. १९८० साली केशरबाई क्षीरसागर बीडमधून लोकसभेवर निवडून गेल्या आणि पुढेही दोनदा निवडून आल्या. १९९३ पासून पंचायतींत स्त्रियांना राखीव जागा मिळाल्या आणि महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. आज गावोगावी महिला सरपंच आहेत.

पण कोयता सुटलेला नाही. कारखान्याच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दोघांच्या श्रमावर, पण मुकादमाच्या वहीत नाव बहुधा नवऱ्याचे. पहाटे कोपीतून बाहेर पडायचे, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावरून वाहायच्या, रात्री चूल पेटवायची. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या वेळी बीडमधील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतील १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. खाडा नको म्हणून शरीराचा अवयवच नको, अशी वेळ आपल्या बहिणींवर येते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद आहे. फिजीचे गिरमिट संपून शंभर वर्षे झाली. तरीही ऊस, आगाऊ घेतलेली रक्कम, मुकादम, कापलेली मजुरी आणि बाईचे दुहेरी ओझे हे शब्द आपल्याला परके वाटत नाहीत.

त्यातच मत. गळीत हंगाम दिवाळीनंतरचा आणि निवडणुकाही पुष्कळदा त्याच दिवसांत येतात. २०२४ ची विधानसभेची निवडणूक २० नोव्हेंबरला झाली, तेव्हा हंगाम सुरू झालेला होता. ज्या बाईला आपल्या मजुरीबद्दल सर्वांत जास्त बोलायचे आहे, तीच मतदानाच्या दिवशी दोनशे-तीनशे किलोमीटर दूर फडात असते.

रमाबाईंनी जे केले ते आपल्यालाही जमण्यासारखे आहे. त्यांनी एका पाटीपासून सुरुवात केली होती. आपल्या वस्तीतून जी कुटुंबे तोडीला जातात, त्यांतल्या बाईचे नाव मतदार यादीत आहे का, शिधापत्रिकेवर आणि बँकेच्या पासबुकावर आहे का, हे शेजाऱ्याने पाहावे. ज्यांना लिहिता येते त्यांनी मुकादमाच्या वहीतला हिशेब तिला वाचून दाखवावा. तोडीला जाणाऱ्यांची मुले मागे राहतात, त्यांची शाळा बुडू नये म्हणून त्यांना संध्याकाळी आपल्या घरात अभ्यासाला बसू द्यावे, विशेषतः मुलींना, कारण घरात आजी आजारी पडली की पहिली शाळा सुटते ती मुलीची. आणि घरातली सून, मुलगी किंवा म्हातारी आई हाती पुस्तक घेऊन बसली तर तिची थट्टा करू नये. हे शेवटचे काम सर्वांत स्वस्त आहे आणि रमाबाईंच्या अनुभवावरून पाहता सर्वांत कठीणही.

येत्या हंगामात ट्रक गावातून निघतील तेव्हा त्यांत बसलेल्या प्रत्येक भगिनीला आपण नावाने ओळखावे आणि ती सुखरूप परत यावी म्हणून तिचे नाव घेऊन प्रार्थना करावी. प्रभू तिच्या कष्टांकडे पाहतो. आपणही पाहू या.